बिनचालीचा पाळणा

हे मी बरा झाल्यावर लिहितो आहे, असं म्हणता येणार नाही. या आजारात ‘बरा झाला’ असं लिहून देता येत नाही, असं डॉक्टर सांगतात. गोळ्या चालू आहेत आणि बऱ्याच महिन्यांत फिट आलेली नाही. खात्रीचं तेवढंच आहे, म्हणून तेवढंच सांगतो. ज्यांच्या घरी कुणाला फिट्स येऊ लागल्या आहेत आणि जे त्या झाकून ठेवण्याच्या मागे आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितो. आम्हीही झाकतच होतो.

आम्ही मूळचे बेंगळुरूचेच मराठी. घराणं इथं येऊन तीनशे वर्षं झाली म्हणतात. पुरावा कुणाकडे नाही, त्यामुळे मी तो आकडा धरत नाही. घर जे. पी. नगरात. नोकरी एका सरकारी कारखान्याच्या कॉस्टिंग खात्यात. कुठल्या वस्तूला किती खर्च आला आणि तो का वाढला, हे शोधणं माझं काम. खर्च वाढला की एकेक बाब वेगळी काढून बघायची, ही सवय मला पुढं उपयोगी पडली, पण उशिरा.

सुधा माहेरी आली

त्या वर्षी आमची मुलगी सुधा पहिल्या बाळंतपणासाठी घरी आली. माझी बायको पद्मा दुपटी शिवायला बसली. संध्याकाळी मी ऑफिसातून आलो की माझ्या खुर्चीशेजारी तिची शिलाई चालायची, स्वतःशी काहीतरी गुणगुणणं चालायचं. घरात बऱ्याच दिवसांनी माणसं होती. मला छान वाटायचं.

अशाच एका संध्याकाळी पोटातून काहीतरी वर सरकल्यासारखं झालं. भीती नव्हे, ओळख. ही वेळ, ही खोली, हे सगळं आधी एकदा झालेलं आहे आणि आता काय होणार ते मला माहीत आहे, असं वाटलं. त्यानंतरचं मला आठवत नाही. पद्माचं म्हणणं, मी समोर बघत बसलो होतो, तोंडात काही नसताना चघळत होतो आणि शर्टाचं वरचं बटण चाचपत होतो. तिनं हाक मारली तर तिच्याकडे पाहिलं, पण ओळखलं नाही.

भानावर आलो तेव्हा सुधा रडत होती. मी म्हणालो, “चहा झाला का?” चहाचा रिकामा कप माझ्या हातात होता.

पित्त झालं असेल, असं आम्ही ठरवलं. पुढच्या आठवड्यात परत तेच झालं. मग त्यालाही पित्तच म्हटलं.

शब्द

तिसऱ्या की चौथ्या वेळी कोपऱ्यावरच्या गणपतीत ऑर्केस्ट्रा चालला होता. आमच्याकडे गणपती दहा दिवसांत संपत नाही, कुठल्या ना कुठल्या गल्लीत दोन-दोन महिने चालतो. भोंगा थेट आमच्या खिडकीकडे. त्या गोंगाटात माझं भान गेलं, आणि या वेळी खुर्चीवरून खालीही पडलो. कपाळाला टाके पडले, तेव्हा पित्त संपलं.

मेंदूच्या मोठ्या इस्पितळात गेलो. डोक्याचा फोटो निघाला, त्यात काही नव्हतं. तपासणाऱ्या डॉक्टर धारवाडकडच्या, वयानं सुधापेक्षा थोड्या मोठ्या. त्यांना मराठी चांगलं समजायचं, बोलताना मात्र कन्नडच जास्त यायचं. त्यांनी तो शब्द उच्चारला. मराठीत अपस्मार म्हणतात, मिरगीही म्हणतात. पन्नाशी गाठलेल्या माणसाला, ज्याची मुलगी बाळंतपणाला आली आहे, त्याला हा शब्द कसा ऐकू येतो ते सांगतो: मला तो ऐकू आलाच नाही. टेबलावरच्या काचेखाली देवाचं कॅलेंडर होतं, मी त्यातले रविवार बघत राहिलो.

पद्मानं विचारलं, “जिवाला धोका?”

“स्कूटर बंद. गच्चीच्या कडेला उभं राहायचं नाही. आंघोळीला आतून कडी नाही,” डॉक्टर म्हणाल्या. “आणि नव्या बाळाला यांच्याकडे एकट्यांकडे द्यायचं नाही. सध्यातरी.”

मग त्यांनी विचारलं, फिट येते तेव्हा काय चाललेलं असतं? पद्मा म्हणाली, “परवा ऑर्केस्ट्रा होता. सिनेमाची गाणी.” डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. क्वचित काही माणसांना गाण्यानं फिट येते, त्या म्हणाल्या. सगळ्या गाण्यांनी नाही. एखाद्याच, मनाशी जोडलेल्या. तेही लगेच नाही, काही मिनिटांनी, त्यामुळे माणसाला संबंध लागत नाही.

गाणी बंद

घरी आल्याआल्या टू-इन-वन रेडिओ-टेपची वायर काढून कपाटात ठेवली. टीव्हीवर बातम्या फक्त, त्याही सुरुवातीची धून संपल्यावर. शेजाऱ्यांना खरं कारण सांगायचं नव्हतं, म्हणून माझं डोकं दुखतं असं सांगितलं. नोव्हेंबर जवळ येत होता. कन्नड राज्योत्सवाची गाणी प्रत्येक चौकात वाजणार होती. ऑफिसला बसनं जायचं तर खाजगी बसमध्ये टेप असतो, म्हणून सरकारी बसची वाट बघत उभा राहायचो. चहाच्या टपरीवर रेडिओ दिसला की रस्ता ओलांडायचो. ज्या शहरात जन्म गेला त्यात एवढी गाणी वाजतात हे मला तोवर माहीत नव्हतं.

माझी थोरली बहीण, अक्का, चामराजपेटेतून आली. तिला खरं सांगितलं होतं. ती म्हणाली, “सुधाच्या सासरी अक्षर काढू नका. पोरीला ऐकून घ्यावं लागेल. म्हणतील, रक्तातच आहे.”

“अक्का, रक्तात नाही, गाण्यात आहे,” सुधा म्हणाली.

“तू गप. पोटात पोर आहे आणि विनोद सुचतायत.”

घर शांत झालं. आणि फिट्स वाढल्या. आधी आठवड्याला एखादी येत होती, आता आठवड्यात दोनदा, कधी जास्त. गोळी चढवली तरी फरक नाही. गाणी बंद केली तर आजार कमी व्हायला हवा होता. माझं गणित उलटं येत होतं.

मी घाबरलो ते इथं. ऑफिसात एकदा कुणी नुसती शीळ घातली तर फाइल टाकून बाथरूममध्ये जाऊन बसलो. नोकरी जाईल, पुढं काय, हे विचार होतेच. त्याहून मोठा विचार एकच होता: सुधा मूल माझ्या मांडीवर ठेवणार नाही. तिनं तसं म्हटलं नव्हतं. पण पाळण्याचा हुक कुठं लावायचा यावर बोलताना ती पटकन म्हणाली, “अण्णांच्या खुर्चीजवळ नको,” आणि मग फार वेळ दुसरंच काहीतरी बोलत राहिली.

आवडती गाणी

डॉक्टरांनी मला भरती करून चाचणी घ्यायचं ठरवलं. डोक्याला तारा लावून मेंदूचा आलेख काढायचा आणि तेव्हा गाणी वाजवायची. त्यांनी सांगितलं, “सार, जी गाणी मनाजवळची आहेत त्यांच्या कॅसेट आणा. आठवण कुठली तेही सांगा. लाजू नका.”

रविवारी सगळे बसलो. विचित्र बैठक होती ती. गाण्यांबद्दल बोलायचं, पण गायचं नाही. अक्काच्या तोंडून एक ओळ निघाली तर सगळे ओरडले, “अक्का!” तिनं तोंडावर पदर धरला.

सुधा म्हणाली, “अण्णांचं खरं आवडतं म्हणजे शिवनसमुद्रच्या सहलीच्या बसमधलं. ड्रायव्हरनं तीच कॅसेट उलटसुलट लावली होती. तुम्हाला बस लागली होती, तरी पायानं ठेका धरला होता.”

“तो ठेका नव्हता. पाय थरथरत होते.”

“वासूला गाणं कळतं कुठं?” अक्का माझ्याकडे बघत म्हणाली. “शाळेत प्रार्थनेला नुसते ओठ हलवायचा. मास्तर जवळ आले की मोठ्यानं.”

“मग ती प्रार्थनाही घ्या,” मी म्हणालो. “मास्तरांची भीती जोडलेली आहे तिच्याशी.”

मी माझं सांगितलं: सुधाचा जन्म झाला त्या दिवशी इस्पितळाच्या व्हरांड्यात कुणाच्या तरी ट्रान्झिस्टरवर एक कन्नड भावगीत लागलं होतं. कडवं संपण्याआधी दार उघडलं आणि नर्सनं मुलगी झाल्याचं सांगितलं. पुढचं कडवं मी आजतागायत नीट ऐकलेलं नाही, कुठंही लागलं की त्या दाराकडेच लक्ष जातं.

पद्मा सगळ्यात शेवटी बोलली. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी आम्ही मॅजेस्टिककडे सिनेमाला गेलो होतो. ऐन गाण्यात वीज गेली. पडदा काळा झाला आणि लोकांनी अंधारात ते गाणं पुढं म्हणत नेलं.

“तुम्ही पण म्हणत होता,” ती म्हणाली.

“छे.”

“मी ऐकलं ना. बेसूर होता. पण म्हणत होता.”

मी तिच्याजवळ बसून म्हटलं होतं आणि तिनं ऐकलं होतं, हे मला इतक्या वर्षांनी कळलं. आमच्या घरात असं बोलायची पद्धत नाही. आजारानं ती बैठक भरवली, हे त्याचं देणं मी नाकारत नाही.

तारा

वॉर्डात सकाळ लवकर होते. ताप बघतात, गोळ्या देतात, मग मोठे डॉक्टर येईपर्यंत सगळे आपापल्या खाटेवर नीट बसतात, शाळेत बसल्यासारखे. माझ्या शेजारी नंजप्पा नावाचे बस ड्रायव्हर होते. त्यांनाही फिट आली होती, आणि पुन्हा स्टिअरिंग हातात मिळेल की नाही, हे कळायची वाट ते बघत होते. माझी हकीकत ऐकून म्हणाले, “म्हणजे तुमच्या बायकोनं भांडताना गायला सुरुवात केली की संपलं!” दोघंही खूप हसलो. कितीतरी दिवसांनी.

चाचणीच्या दिवशी डोक्याला चिकट मलम लावून तारा जोडल्या. पद्माला शेजारी स्टुलावर बसू दिलं. कागदाची पट्टी सरकत होती, तिच्यावर पेनं रेघा काढत होती. डॉक्टर आलेखाजवळ, तंत्रज्ञ टेपजवळ.

बसमधलं गाणं वाजलं. मग प्रार्थना. मग ते भावगीत. दाराजवळचं कडवं आलं तेव्हा माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. डॉक्टर पुढं वाकल्या, पण रेघा शांत होत्या. अंधारातलं गाणं लागलं तेव्हा पद्मानं मान खाली घातली. तेही पूर्ण वाजलं. प्रत्येक गाण्यानंतर वाट पाहिली. काही झालं नाही.

“यात काही नाही, सार,” डॉक्टर म्हणाल्या. “गाणं नसेल कदाचित. दुसरं बघावं लागेल.”

दुसरं म्हणजे काय, हे विचारायचं धैर्य मला नव्हतं. तंत्रज्ञानं टेप बंद केला, तारा काढायच्या तयारीला लागला. पद्मानं माझा हात हातात घेतला, घरी घ्यायची तसा, आणि हळूहळू थोपटायला लागली.

इथून पुढचं तिच्याकडून आणि डॉक्टरांकडून कळलेलं आहे.

थोपटताना ती गुणगुणायला लागली. नेहमीचंच. काही वेळानं डॉक्टरांचं लक्ष कागदावर गेलं. त्यांनी तंत्रज्ञाला हातानं थांबवलं आणि पद्माला हळूच म्हणाल्या, “निल्लिसबेडी अम्मा. थांबू नका. हाडी, गात राहा.”

पद्माला वाटलं, मला बरं वाटतंय म्हणून सांगतायत. ती गात राहिली. मग माझा दुसरा हात शर्टाच्या बटणाकडे गेलेला तिनं पाहिला. ओठ चघळायला लागले. तिनं डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टरांनी मान हलवली: अजून. पेनं कागदावर उड्या मारत होती. माझे डोळे उघडे होते आणि त्यांत मी नव्हतो, असं ती सांगते. ती गात राहिली. आवाज फुटला तेव्हा थांबली.

कुणी म्हटलं

ती गुणगुणत होती तो आमच्या घरचा पाळणा. बारशाला म्हणतात तो. आमच्या घराण्यात पहिलं मूल झालं की सासू आपला पाळणा सुनेला देते. लिहून नव्हे, शेजारी बसवून, पाठ होईपर्यंत म्हणवून. माझ्या आईनं तो पद्माला सुधाच्या वेळी दिला आणि पुढं काही वर्षांत ती गेली. अक्काला पहिल्या दोन ओळी येतात. पूर्ण पाळणा तेव्हा जगात एका माणसाला येत होता.

आवडती गाणी काढताना तो आम्हाला कुणालाही आठवला नाही. आमच्या लेखी ते गाणंच नव्हतं. पोळ्या लाटताना बांगड्या वाजतात, तसा तो घराचा आवाज होता. सुधा आल्यावर, दुपटी शिवताना, पद्माच्या तोंडी तो परत आला. भोंग्याच्या गोंगाटातही ती तोच म्हणत होती. आणि फिट येऊन गेली की मला शांत करायला ती जवळ बसून पुन्हा तोच म्हणायची. घर शांत केलं तेव्हा दुसरं काही ऐकू येत नव्हतं, फक्त पाळणा.

रिक्षात ती म्हणाली, “म्हणजे मीच.”

“पाळणा,” मी म्हणालो.

“पाळणा कोण म्हणत होतं?”

डॉक्टरांनी सांगितलं होतं की दोष कुणाचा नाही, आवाजाचाही नाही, ती चाल मेंदूत खोल कुठंतरी जाऊन बसली आहे. मी ते पद्माला दोनदा सांगितलं. ती म्हणाली, “सरी.” कन्नडमधलं ‘बरं’. ऐकलं पण मानलं नाही, असा तिचा ‘सरी’ असतो.

फिट्स थांबल्या. चालही थांबली होती आणि गोळीही बदलली होती, त्यामुळे कुणाचा वाटा किती ते मला सांगता येत नाही. पण पद्मा गप्प झाली. गुणगुणणं तर गेलंच, बोलणंही कामापुरतं. माझ्याजवळ बसेना. शिलाई स्वयंपाकघरात नेली. टू-इन-वन परत जोडला, सगळी गाणी मोकळी झाली, तरी ती लावायची नाही. आजारात जेवढी भीती वाटली नाही तेवढी मला त्या दिवसांत वाटली.

सुधाला मुलगी झाली. तिच्या नवऱ्याला तिनं सगळं स्वतःच सांगून टाकलं होतं. तो मला म्हणाला, “मामा, माझ्या काकांनाही फिट्स येतात. आमच्याकडे पण कुणी बोलत नाही.” अक्काचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

बारसं

बारशाचा विषय निघाला तेव्हा अक्का म्हणाली, “दुसरा कुठलाही पाळणा म्हणू. कॅसेट मिळते हल्ली.”

“म्हणा,” पद्मा म्हणाली. “मी म्हणणार नाही.”

“आई, मग मला कोण देणार?” सुधानं विचारलं. “घरात सून नाही, आणि मला तो येत नाही.”

पद्मा उठून आत गेली.

मी डॉक्टरांकडे गेलो आणि माझ्या धंद्यातला प्रश्न विचारला. पाळण्यात दोन बाबी आहेत, शब्द आणि चाल. फिट कुणामुळे येते, हे वेगळं काढता येईल का? त्या हसल्या. म्हणाल्या, “तुमच्या मिसेसना घेऊन या.”

पद्मा ऐकेना. “तुमचे डोळे उघडे असताना तुम्ही गेलेले मी एकदा पाहिलं. ते मी करत होते. परत नाही.” चार दिवस तेच. शेवटी सुधा बाळ मांडीवर घेऊन तिच्यासमोर बसली. पद्मा म्हणाली, “एकदाच.”

पुन्हा तारा, पुन्हा स्टूल. बाजारातून काय आणायचं ते सांगावं तशी पद्मा पाळण्याचे शब्द बोलत गेली. तिचे डोळे पेनांवर. ती पेनं पार शेवटपर्यंत शांत राहिली. मग वाट पाहिली. तरीही शांत. डॉक्टर म्हणाल्या, “साकू अम्मा. पुरे.” पद्मा रडली ती तिथं, तोवर नाही.

बारशाला घर भरलं होतं. बाळाच्या आत्यानं कानात नाव सांगितलं. बायका पाळण्याभोवती उभ्या राहिल्या. सुधानं बाळ आधी माझ्या मांडीवर ठेवलं, मग पाळण्यात. पद्मानं दोरी धरली आणि चालीशिवाय, साध्या आवाजात बोलायला सुरुवात केली. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मी मात्र ऐकत होतो. जन्मभर ज्याची चालच ऐकली, त्याचे शब्द मी त्या दिवशी नीट ऐकले.

*मी जाते पाण्याला, वाऱ्या तू धर दोरी,*
*स्वल्प वेळ सांभाळ, ठेव आहे ही माझी खरी.*

आईनं त्यात ‘थोडा’च्या जागी कन्नड ‘स्वल्प’ घातलं होतं. बेंगळुरूचीच होती ती.

संपल्यावर मी उठलो आणि चपला पायात घातल्या.

“कुठं?” पद्मानं विचारलं.

“आता चालीवर म्हण. सुधाला शिकायचाय.”

“अहो, नको.”

“मी मेन रोडपर्यंत जाऊन येतो. दार लावून घ्या.”

बायकांसमोर ती वाद घालणार नाही, हे मला माहीत होतं. जिना उतरलो, कोपरा वळलो, आणखी एक वळलो. आवाज येत नाही याची खात्री होईपर्यंत चालत राहिलो. मेन रोडवर बसेस, रिक्षा, नारळवाला, हॉर्न. मी फुटपाथवर थांबलो. काही वेळानं जावई कोपऱ्यावर येताना दिसला, लांबूनच हात हलवत होता, ‘अजून नाही, अजून नाही’ असा.

मी हात वर करून ‘सरी’ म्हणालो. घरात पद्मा गात होती आणि मी रस्त्यावर पूर्ण शुद्धीत उभा होतो.